जोयड्याच्या रानातील सुरांची साठवण

गेल्या श्रावणात जोयड्याहून एक पत्र आले. पाठविणारी माझी जुनी विद्यार्थिनी. काही वर्षांपूर्वी ती कॉलेजसाठी कोल्हापुरात होती, तेव्हा चार वर्षे माझ्याकडे गाणे शिकली. पुढे लग्न होऊन कुंभारवाड्यापलीकडच्या एका वाडीत गेली. पत्रात क्षेमकुशल होते, भाताची लावणी आटोपल्याची हकीकत होती, आणि अखेरीस दोन ओळी अशा होत्या : "गुरुजी, रागावणार नसाल तर एक सांगते. मी आता रेकॉर्डिंग करते. तुमचे नव्हे, आकाशातून येणाऱ्या गाण्याचे. एकदा येऊन ऐकावे."

'रागावणार नसाल तर' या शब्दांना कारण आहे. माझ्या वर्गात ध्वनिमुद्रणाला मज्जाव असे. मोबाईल दाराशी ठेवावयाचा आणि वही-पेन्सिल घेऊन आत यावयाचे, हा नियम. तो माझा नव्हे, माझ्या वडिलांचा. आबा कोल्हापूर दरबारातील गवई. १ मार्च १९४९ रोजी संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले, तेव्हा ते अवघे विशीच्या उंबरठ्यावर होते. दरबार गेला, पण दरबारची शिस्त त्यांनी अखेरपर्यंत सांभाळली. कोणी टेपरेकॉर्डर घेऊन आला की ते म्हणत, "घरी न्यायचं ते डोक्यातून ने, डब्यातून नको." त्यांच्या उतारवयात झालेला मी मुलगा, ते वाक्य ऐकतच वाढलो आणि पुढे शिष्यांना ऐकवीत आलो.

पत्र वाचून राग आला नाही. कुतूहल मात्र वाटले. रानातल्या वाडीत ही मुलगी आकाशातून काय उतरवून घेते आहे, ते पाहावे म्हणून गणपती विसर्जनानंतर निघालो.

कोल्हापूर, बेळगाव, खानापूर, लोंढा, आणि पुढे रामनगर. रामनगरापासून जोयडा तालुका लागतो. रामनगर ही जुनी वस्ती नव्हे. काळी नदीवरील सुपा धरणाने ज्यांची घरे-शेते पाण्याखाली गेली, त्यांतील अनेक कुटुंबे येथे येऊन वसली. माझ्या विद्यार्थिनीचे माहेर त्यांतलेच. तालुक्याचे जुने ठिकाण सुपा. ते धरणाच्या जलाशयात बुडाले आणि कचेऱ्या जोयड्यास आल्या. १०१ मीटर उंचीचे हे धरण १९८७ साली पुरे झाले. जगलबेट, गणेशगुडी असे करीत मोटार पुढे जाते, तसे रान दाट होत जाते. याच रानाचा मोठा भाग आज काळी व्याघ्र प्रकल्पात मोडतो. वस्ती विरळ, कुणबी, गवळी, सिद्दी आणि इतर कुटुंबे भात, सुपारी व कंदमुळे यांवर गुजराण करतात. माझ्या विद्यार्थिनीच्या सासरी घरात कोंकणी, कचेरीत कानडी आणि भजनात मराठी असा तीन भाषांचा संसार आहे.

मोबाईलने जोयड्याच्या थोडे पुढेच राम म्हटला. वाडीत एका आंब्याखाली उभे राहिले तर दोन काड्या दिसतात, असे कळले. म्हणजे शहरातले विद्यार्थी ज्या इंटरनेटवर हवा तो गवई हव्या त्या क्षणी ऐकतात, ते येथे नाही. पण घराच्या कौलांवर एक छत्री होती. डिश अँटेनाला खेड्यापाड्यांत छत्री म्हणतात, आणि मला तो शब्द फार आवडतो. पावसाळ्यात ती उलटी धरलेली दिसते, इतकेच.

या छत्रीतून येते ती दूरदर्शनची 'डीडी फ्री डिश' सेवा. २००४ च्या डिसेंबरात ती 'डीडी डायरेक्ट प्लस' या नावाने सुरू झाली. एकदा छत्री आणि डबा विकत घेतला की महिन्याचे भाडे नाही. भूस्थिर कक्षेत, पृथ्वीपासून सुमारे ३६,००० किलोमीटरवर असलेल्या जीसॅट-१५ या उपग्रहावरून तिच्या लहरी येतात. जोयड्याहून पाहिले तर हा उपग्रह आग्नेयेला, क्षितिजापासून साठ-बासष्ट अंश वर असतो. म्हणून छत्रीच्या आग्नेयेचा एक फणस सासऱ्यांना छाटावा लागला. त्यापूर्वी घरावर बांबूला बांधलेली अँटेना होती आणि पडद्यावर चित्रापेक्षा मुंग्याच अधिक दिसत. जमिनीवरून प्रक्षेपण करणारी ती जुनी केंद्रे दूरदर्शनने टप्प्याटप्प्याने बंद केली. २०२२ च्या मार्चपर्यंत मोजकीच उरली. अमेरिकेसारख्या देशांत घरावरच्या साध्या अँटेनाने अंकीय चित्रवाणी पकडून ती टिपणारी यंत्रे लोक वापरतात. आपल्याकडे रानात राहणाऱ्याला त्यांच्या जवळची गोष्ट म्हणजे ही छत्री आणि हा डबा.

डबा साधाच, दीड हजारांच्या आत घेतलेला. पण त्याला पेनड्राईव्ह लावावयाची एक खाच आहे आणि रिमोटवर लाल ठिपक्याचे एक बटण आहे. ते दाबले की चालू असलेला कार्यक्रम पेनड्राईव्हवर उतरू लागतो. वेळ आधी लावून ठेवण्याचीही सोय आहे. डबा घरात आल्यावर दोन वर्षे त्या बटणाकडे कोणी पाहिले नव्हते. एके दिवशी नणंदेच्या मुलाच्या हातून ते चुकून दाबले गेले, आणि दुसऱ्या दिवशी पेनड्राईव्हवर बातम्यांचा अर्धा तास सापडला. त्या अर्ध्या तासाने हिच्या डोक्यात दिवा लागला.

आता तिच्या अनुभवाच्या गोष्टी सांगतो. कारण असा डबा आपल्यापैकी अनेकांच्या गावच्या घरी असेल आणि त्या बटणाकडे कोणी पाहिले नसेल.

पहिली अडचण घड्याळाची. तिने पहाटे सहाचे रेडिओचे शास्त्रीय गायन लावून ठेवले, तर उतरले दुपारचे काहीतरी. डब्याचे घड्याळ ग्रिनिचच्या वेळेवर चालत होते. भारतीय वेळ त्याहून साडेपाच तास पुढे. ही दुरुस्ती डब्यातच करता येते, पण ते ध्यानी येईतो तीन पहाटा वाया गेल्या. दुसरी अडचण वेळापत्रकाची. गवयाचे गाणे घड्याळाशी बांधलेले नसते. म्हणून ती कार्यक्रमाच्या पाच मिनिटे आधी सुरुवात आणि पंधरा मिनिटे नंतर शेवट लावते. "आधीच्या पाच मिनिटांत तंबोरे लागताना ऐकू येतात, गुरुजी," ती म्हणाली. मला हे फार बरे वाटले.

तिसरी अडचण घरगुती. डबा एका वेळी एकच वाहिनी पकडतो. वेळ झाली की तो विचारीत नाही. सासूबाईंची मालिका ऐन रंगात असताना खटकन् वाहिनी बदलतो आणि पडद्यावर तानपुरा येतो. यावरून घरात पहिले काही दिवस अबोला होता. मग तह झाला : संध्याकाळ सासूबाईंची, रात्री दहानंतरचे आणि पहाटेचे हिचे. सासूबाई मला म्हणाल्या, "मास्तर, हिचं गाणं आता झोपेत डब्यात पडतं, म्हणून माझी मालिका वाचते." हे सांगताना त्या हसत होत्या, म्हणजे तह टिकला आहे.

चौथी अडचण पाऊस आणि वीज. घाटमाथ्यावरचा पाऊस जोराचा आला की या लहरी वाटेतच क्षीण होतात. आधी चित्राचे चौकोनी तुकडे पडतात, मग आवाज तुटतो, मग काहीच नाही. ढगांचा गडगडाट सुरू झाला की डब्याची तार काढून ठेवावी लागते. वानरे छत्रीवर बसतात. एकदा एकाने ती इतकी कलती केली की आठवडाभर आकाश मुके होते. पण सर्वांत वाईट म्हणजे लाईट जाणे. ज्या काळी नदीच्या पाण्यावर गणेशगुडीस वीज तयार होते, तिच्या काठच्या वाड्यांत पावसाळ्यात ती केव्हा जाईल याचा नेम नाही. मुद्रण चालू असताना लाईट गेली की फाईल नीट बंद होत नाही, आणि हिच्या डब्यावर तरी ती मग उघडतच नाही. दोन तासांचे गाणे झाले असले तरी सारे गेले. पुढे तिने मोटारसायकलची जुनी बॅटरी आणि एक छोटा इन्व्हर्टर जोडून घेतला, तेव्हा हे थोडे आटोक्यात आले.

जागेचा हिशेबही सांगण्याजोगा आहे. तिच्या अनुभवाने चित्रासह एका तासाला एक ते दीड गिगाबाइट लागतो. म्हणजे ३२ गिगाबाइटच्या पेनड्राईव्हवर वीस-पंचवीस तास. चार गिगाबाइट झाले की डबा आपोआप दुसरी फाईल सुरू करतो आणि सांध्यावर एखादी तान अर्धी तुटते. फ्री डिशवर आकाशवाणीच्या वाहिन्याही ऐकू येतात. त्यांतील 'रागम्' ही वाहिनी २६ जानेवारी २०१६ रोजी सुरू झाली. ती दिवसरात्र हिंदुस्थानी आणि कर्नाटक शास्त्रीय संगीत देते. ते नुसत्या आवाजाचे मुद्रण असल्याने फारच थोडी जागा घेते. म्हणून हिचा मुख्य भर त्यावर. चित्र हवे तर दूरदर्शनची भारती वाहिनी आणि आपली सह्याद्री.

रात्री जेवणानंतर तिने मला एक मैफल लावून दाखविली. भारती वाहिनीवरून उतरवलेली, मल्लिकार्जुन मन्सूर यांची. चित्र जुने, रंग विटलेले. पण पहिला षड्ज लागला आणि मी सावरून बसलो. वाचकांना आठवण करून द्यावयास नको, की कोल्हापूर दरबारात राजर्षी शाहूंनी ज्यांना आणले, त्या अल्लादियाखाँसाहेबांची ही गायकी. मन्सूरांना ती मिळाली खाँसाहेबांचे पुत्र मंजीखाँ आणि भुर्जीखाँ यांच्याकडून. कोल्हापुरातून धारवाडास गेलेली गायकी, तेथून दिल्लीच्या फितींत, फितींतून उपग्रहावर आणि उपग्रहावरून कुंभारवाड्यापलीकडच्या एका कौलारू घरात! आमच्या शहरातून निघालेली वस्तू अशी फिरून भेटावी, याची मौज वाटली.

आणि त्याच वेळी एक खंतही वाटली. खुद्द अल्लादियाखाँसाहेबांचा आवाज आज कोणालाही ऐकता येत नाही. ते १९४६ साली वारले. त्या काळी तबकड्या घरोघर वाजत होत्या, तरी त्यांनी आपले गाणे यंत्रात उतरू दिले नाही. त्यांच्या शिष्या केसरबाई केरकर यांची भैरवी मात्र १९७७ साली व्हॉयेजर यानांवरील सोनेरी तबकडीतून सूर्यमालेबाहेर निघाली. शिष्येचा सूर ताऱ्यांकडे चालला आहे आणि गुरूचा सूर कोल्हापुरातही नाही.

मन्सूरांची मैफल पाऊण तासापर्यंत आली आणि पडदा काळा झाला. "येथे डब्याची फाईल बदलली आणि लगेच लाईट गेली," ती म्हणाली. "पहिली फाईल वाचली, पुढचे गेले. आठ महिने झाले, पुन्हा ते लागले नाही." मग तिने एक वही आणली. त्या रात्री ती अंधारात बसून, नुकतेच ऐकलेले आठवून लिहीत गेली होती. राग, ताल, बंदिशीचा मुखडा कोणत्या मात्रेला येतो, आलापात निषाद कसा टाळला, द्रुत कोठे धरले, सारे कंदिलाच्या उजेडात लिहिलेले. यंत्राने जे गमावले ते तिने वहीत धरले होते.

वही चाळली तेव्हा तिची पद्धत कळली. पेनड्राईव्ह एकच आहे; तो भरला की काहीतरी पुसावेच लागते. तिचा नियम असा, की वहीत उतरल्याशिवाय एकही गाणे पुसावयाचे नाही, आणि तीनदा ऐकल्याशिवाय वहीत लिहावयाचे नाही. शहरात माझ्या विद्यार्थ्यांच्या मोबाईलमध्ये शेकडो मैफली आहेत. त्यांतील किती त्यांनी अखेरपर्यंत ऐकल्या, हे विचारण्याचे मी टाळतो. येथे वीस तासांची जागा आहे, आणि त्या वीस तासांचा कण न् कण ऐकलेला आहे. आबा ज्याला डोक्यातून नेणे म्हणत, ते या मुलीने डब्याच्या मदतीने केले होते. डबा शत्रू नव्हता. ऐकण्यातला आळस हा शत्रू होता, आणि आम्ही इतकी वर्षे डब्यालाच दोष देत होतो.

अशा मुद्रणाला कायद्याची आडकाठी नाही ना, हा प्रश्न काही वाचकांच्या मनात येईल. अमेरिकेत १९८४ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने, घरी नंतर पाहण्याकरिता कार्यक्रम टिपणे हा गुन्हा नव्हे, असा निर्णय पाच विरुद्ध चार मतांनी दिला. तेव्हा वाद व्हिडिओ कॅसेटचा होता. आपल्या १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्याच्या ५२ व्या कलमात खासगी उपयोगास व अभ्यासास वाव ठेवला आहे. पण घरी ऐकणे वेगळे आणि नकला करून वाटणे वा विकणे वेगळे. माझी विद्यार्थिनी पेनड्राईव्ह घराबाहेर जाऊ देत नाही. ज्याला ऐकावयाचे त्याने ओसरीवर येऊन ऐकावे. गुरुवारी वाडीतली चार मुले येतात, भजनीमंडळाचे पेटीवाले येतात, आणि ती तुकड्या-तुकड्याने थांबवून त्यांना राग दाखवते. दरबार संपल्यावर रेडिओ हा नवा आश्रयदाता होईल, असे पन्नासच्या दशकात म्हणत. १९५२ साली आकाशवाणीचा संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम आणि १९५४ साली आकाशवाणी संगीत संमेलन सुरू झाले, ते याच भावनेने. त्या आश्रयाचे एक टोक मला या ओसरीवर दिसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाऊस लागला होता. मी तिला म्हटले, "आबांचा गौड मल्हार गा." ही आबांची स्वतःची चीज, ती मी तिला कोल्हापुरात शिकविली होती. तिने स्थायी स्वच्छ गाइली. अंतऱ्याशी आली आणि थांबली. "पुढचे गेले, गुरुजी. दोन वर्षे झाली. तुम्हांला फोन करून विचारावेसे वाटे. पण आंब्याखाली उभे राहून अंतरा कसा विचारावा?" वहीत दुनियेचे गाणे होते, पण तिच्या गुरूचे नव्हते, कारण गुरूने मोबाईल दाराशी ठेवावयास लावला होता.

मी अंतरा सांगू लागलो, आणि तिसऱ्या आवर्तनात माझाच पाय घसरला. तेथे आबा मध्यमावरून वर जात की पंचमावरून, हे मला खात्रीने सांगता येईना. आबांनी एकदा आकाशवाणीच्या एका केंद्रावर अर्धा तास गाइले होते, त्यात हीच चीज होती. पुढे मी चौकशी केली, तेव्हा ती फीत पुसून दुसऱ्या कामी लावल्याचे कळले. त्या काळी फिती महाग होत्या आणि अशी रीतच होती. त्या रात्री कोणा श्रोत्याच्या घरी रेडिओजवळ टेपरेकॉर्डर चालू असता, तर आज तो अंतरा असता. तो घरी ठेवावयाचा नाही, ही शिकवण आबांचीच. आबांवर दोष ठेवीत नाही. ज्या काळी विद्या हीच गवयाची एकमेव मिळकत होती, त्या काळी तिला कुलूप लावणे समजण्यासारखे आहे. पण ती मिळकत आता पुढच्या पिढीची आहे, आणि किल्ली मी दाराशी ठेवावयास लावली होती.

आम्ही दोघांनी मिळून अंतरा जुळविला. मध्यमावरून एकदा, पंचमावरून एकदा. दोन्ही तिने वहीत लिहिले. मग मी म्हटले, "तुझा मोबाईल मध्ये ठेव आणि चालू कर." तिने माझ्याकडे पाहिले, काही बोलली नाही, मोबाईल तंबोऱ्यापाशी ठेवला. मी गौड मल्हार दोन्ही अंतऱ्यांसह पुरा गाइलो. बाहेर कौलांवर पाऊस वाजत होता. तोही त्यात उतरला असेल.

कोल्हापुरास परतल्यावर वर्गातला नियम बदलला. आता मोबाईल आत येतो. पण जे मुद्रित केले ते आठवड्याच्या आत वहीत उतरवून दाखवावयाचे, नाही तर पुढचा धडा नाही. मुलांना हा नियम जुन्यापेक्षा कडक वाटतो.

जाता जाता एक विनंती. आपल्या जुन्या घरांतून, माळ्यावर, कपाटात, कॅसेटी आहेत, स्पूल आहेत. कोणा आजोबांनी रेडिओवरून उतरवून ठेवलेल्या. त्यांवर कित्येकदा नावही नाही. बुरशी चढण्यापूर्वी त्या उघडाव्यात, ऐकाव्यात, आणि गायक, राग, साल, साथीदार, जे ठाऊक असेल ते कागदावर लिहून सोबत ठेवावे. आणि गावच्या घरी छत्री असेल, तर डब्याचे घड्याळ भारतीय वेळेवर आहे ना, एवढे पाहून यावे. न जाणो, एखाद्या घरच्या स्पूलवर तो अर्धा तास असेलही. असल्यास मला कळवावे. मध्यम की पंचम, एवढेच मला विचारावयाचे आहे.